किंमत नगाला १० युरो: वाळूजहून जर्मनीला गेलेल्या सहा चित्रांचं प्रकरण

डिस्पॅच विभागाने तयार केलेल्या इन्व्हॉइसवर एकच ओळ होती: ‘अजिंठा पेंटिंग, ६ नग, भेटवस्तू, व्यापारी मूल्य नाही, कस्टमपुरती किंमत नगाला १० युरो.’ छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या बहुतेक कारखान्यांतून सॅम्पल जातात ती याच ओळीखाली. नव्या डायचा पहिला तुकडा असो, तपासणीला पाठवलेले चार बुश (यंत्रात बसणाऱ्या धातूच्या नळ्या) असोत की दिवाळीची भेट, साचा तोच. त्यामुळे इन्व्हॉइस टाइप करणाऱ्या पोराला दोष देता येत नाही. पण ही ओळ तशीच गेली असती तर काय काय झालं असतं आणि ती बदलायला घेतल्यावर काय काय उघडं पडलं, ते मराठवाड्यातल्या उद्योजकांनी आणि चित्रकारांनीही वाचावं असं आहे.

निर्यातीची कागदपत्रं बघणं हा माझा धंदा. या प्रकरणाशी माझा संबंध तेवढाच. कंपनी, चित्रकार आणि खरेदीदार यांची नावं देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

मागणी कुठून आली

१९८५ साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामागे व्हेंडरांची जी रांग लागली, त्यातलीच ही एक कंपनी. वडिलांनी एका शेडमध्ये चार लेथ टाकल्या, मुलाने, म्हणजे आताच्या साहेबांनी, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी आणल्या, आता नातीने परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार हातात घेतलाय. आज निम्म्याहून अधिक माल जर्मनीच्या एका कंपनीला जातो. तिने नवी इमारत बांधली आणि उद्घाटनाला पुरवठादारांच्या देशांतली चित्रं चार महिने दर्शनी दालनात लावायची टूम काढली. कंपनीला मेल आला तो असा: तुमच्या भागात अजिंठा आहे असं वाचलं, त्यातलं काही पाठवता येईल का?

हे प्रेम एकाएकी का, असं साहेबांनी मला विचारलं. माझं उत्तर जरा कोरडं होतं. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू आहे. मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडे कामगारांचं, पर्यावरणाचं काय चाललंय यावर लक्ष ठेवावं लागतं. त्याच खरेदीदाराची लांबलचक प्रश्नावली साहेब दरवर्षी भरतात. भिंतीवर पुरवठादाराच्या गावचं चित्र लागलं की त्या प्रश्नावलीला जरा माणसाचा चेहरा येतो. यात वाईट काही नाही. फक्त पाहुण्याला काय हवंय ते आपल्याला ठाऊक असावं.

नातीच्या ओळखीचा एक चित्रकार होता. बीड जिल्ह्यातला, इथल्याच शासकीय कला महाविद्यालयातून शिकलेला. पोटापाण्यासाठी अजिंठ्याच्या नकला काढायचा आणि हॉटेलांना फुटाच्या दराने द्यायचा. स्वतःचं काम वेगळं. मोंढ्यातून वापरलेला बारदाना आणायचा, धुऊन ताणायचा, सरस आणि खडूचा पातळ हात द्यायचा आणि त्यावर रांगा काढायचा: माणसांच्या, ट्रॅक्टरांच्या, पोत्यांच्या. हात इतका पातळ की पोत्यावरचा शिक्का, वजन, हंगामाचं साल खालून दिसत राहायचं. एका चित्रात ‘५० किलो’ हे अक्षर बरोबर एका म्हाताऱ्याच्या पाठीवर आलं होतं.

साहेबांनी चित्राला अंगठा लावून बघितला. सरसाचा पापुद्रा कुठे सुटतोय का, हे बघायची त्यांची कारखान्यातली सवय. मग म्हणाले, “काम पक्कं आहे. पण गोणपाट? तिकडं काय आपली गरिबी दाखवायची?”

चित्रकार म्हणाला, “अजिंठा काढून काढून हात बसलाय माझा, साहेब. म्हणाल तितके पद्मपाणी देतो. पण त्यात माझं काय हाय?”

“बाबा, ते आपल्याकडून बुश घेतात ते आपले म्हणून घेतात,” नात म्हणाली. “दुसऱ्याच्या ड्रॉइंगची कॉपी काढली असती तर घेतले असते का?”

हा मुद्दा साहेबांना लागू पडला, पण अर्धाच. पाच बारदाने आणि एक पद्मपाणी, म्हणजे अजिंठ्यातल्या त्या प्रसिद्ध बोधिसत्त्वाची नक्कल, अशी तडजोड झाली.

नकलेचा जुना व्यापार

साहेबांची पद्मपाणीची ओढ मी हसण्यावारी नेणार नाही. मराठवाड्यातून जगाला गेलेली पहिली चित्रं म्हणजे अजिंठ्याच्या नकलाच. १८१९ मध्ये लेणी इंग्रजांच्या नजरेस आली, १८४४ पासून ईस्ट इंडिया कंपनीने नेमलेला रॉबर्ट गिल तिथे राहून नकला काढत राहिला. त्या लंडनला गेल्या आणि त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्सने आपले विद्यार्थी घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम आली तेव्हा तिच्यासोबत नंदलाल बोस होते. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने भित्तिचित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ बोलावले. अलीकडे जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ परिसराचं संवर्धन आणि पर्यटन विकासाचं काम झालं.

यात ईस्ट इंडिया कंपनी आली, निजाम आला, जपान सरकार आलं. सगळ्यांनी अजिंठा दाखवून किंवा जपून आपापलं काही साधलं. ग्रिफिथ्सच्या हाताखाली नकला काढणाऱ्या मुंबईच्या पोरांची नावं मात्र अभ्यासकांपलीकडे कुणाला ठाऊक नाहीत. नकलेत हे होणारच. नाव मूळ चित्राचं राहतं आणि मान पाठवणाऱ्याला मिळतो. आमच्या चित्रकाराचा प्रश्न तोच होता, त्याने फक्त बीडच्या बोलीत विचारला.

१० युरोचं काय करायचं

आता त्या इन्व्हॉइसकडे येतो, कारण माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच आहे.

पहिली अडचण वर्णनाची. ‘अजिंठा पेंटिंग’ असं लिहिलेला क्रेट मुंबईच्या कार्गोत गेला की कस्टमच्या अधिकाऱ्याच्या भुवया वर जाणारच. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शंका आली तर वस्तू पुरातन नसल्याचं पुरातत्त्व खात्याचं प्रमाणपत्र मागितलं जातं. त्यात युरोपीय संघाने २८ जून २०२५ पासून जुन्या सांस्कृतिक वस्तूंच्या आयातीचे नियम कडक केलेत, त्यामुळे तिकडचे फॉरवर्डरही, म्हणजे माल पोचवण्याची व्यवस्था बघणारे, बिचकून असतात. आम्ही वर्णन बदललं: हाताने काढलेलं चित्र, माध्यम, माप, साल, चित्रकाराचं नाव. मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, म्हणजे एचएसएन, ९७०१. सोबत चित्रकाराचं स्वाक्षरीचं निवेदन आणि काम चालू असतानाचे तारखेसह फोटो.

दुसरी अडचण किमतीची. साहेबांचं म्हणणं, “अहो, कमी लिहिलं की कटकट कमी.” सॅम्पलच्या बाबतीत ही समजूत सगळीकडे आहे, आणि तिथेही ती फारशी बरोबर नाही. चित्राच्या बाबतीत तर ती सरळ नुकसानीची आहे. मूळ चित्रांवर युरोपीय संघात सीमाशुल्क शून्य, जर्मनीत आयातीवरचा कर ७ टक्के. शिवाय आपण प्रदर्शनापुरती चित्रं पाठवणार, म्हणजे तोही तूर्त लागत नाही. कमी किंमत लिहून वाचणार काय होतं? आणि गमावणार किती, ते बघा. क्रेट विमानातून उतरवताना फोर्कलिफ्टने चेंगरला, तर विमान कंपनीची जबाबदारी वजनावर ठरते. मॉन्ट्रियल करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून ती मर्यादा किलोला २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे. फोर्जिंग, म्हणजे ठोकून घडवलेले धातूचे भाग, पाठवणाऱ्याला किलोचा हिशोब परवडतो, चित्र पाठवणाऱ्याला नाही. दोन किलोच्या बारदान्याचे काय मिळणार? म्हणून चित्रांसाठी वेगळा विमा घेतात, इथल्या भिंतीवरून काढल्यापासून परत त्याच भिंतीवर टांगेपर्यंतचा. आणि विमा कंपनी विचारते, किंमत किती? १० युरो लिहिले असतील तर सहा चित्रांचे मिळून ६० युरो.

हे ऐकल्यावर साहेब गप्प झाले.

पण मला विम्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त टोचत होती. कलेच्या बाजारात एखाद्या चित्रकाराची किंमत आभाळातून पडत नाही, ती कागदोपत्री साचत जाते. कुणी केव्हा किती रुपयांना घेतलं, कुठे लावलं, किती रकमेचा विमा होता. चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या ‘ग्राम यात्रा’चं उदाहरण घ्या. १९५४ मध्ये दिल्लीत काम करणाऱ्या एका नॉर्वेजियन डॉक्टरने ते घेतलं, पुढे ओस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला दिलं. अनेक दशकं ते तिथल्या भिंतीवर होतं, बाजाराला पत्ता नाही. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ते साधारण १.३८ कोटी डॉलरला गेलं आणि संग्राहक किरण नाडर यांनी घेतल्याच्या बातम्या आल्या. चित्र थोर आहेच. पण ते कुठून निघालं आणि कुणाकुणाच्या हातात राहिलं याचा धागा सलग होता, म्हणून बोली लावणाऱ्याला हात आखडता घ्यावा लागला नाही.

आमचा चित्रकार काही हुसेन नाही, उद्या होईल असंही मी म्हणत नाही. पण त्याच्या आयुष्यातला पहिला परदेशी कागद ‘व्यापारी मूल्य नाही’ असं सांगणारा असावा, आणि तो त्याची बाजू घेऊन निघालेल्या कंपनीनेच काढावा, हे काही पटेना. देशाची कला घेऊन परदेशी जाणारी कंपनी भाषणात काय बोलते ते तिकडे कुणी लक्षात ठेवत नाही. तिने घोषित केलेली किंमत फायलीत राहते.

मग किंमत ठरवायची कशी? बारदान्याची चित्रं तोवर एकही विकली गेली नव्हती. नकलेचा दर लावला तर कामाचा अपमान, मनाला येईल तो आकडा लिहिला तर कस्टम आणि विमा दोघेही विचारणार, आधार काय. शेवटी नातीने मार्ग काढला. कंपनीने पाचांतले दोन बारदाने स्वतः विकत घ्यायचे, नगाला ६० हजार रुपये, बिल घेऊन, बँकेतून पैसे देऊन. त्या बिलाच्या आधाराने उरलेल्या तिघांची किंमत तीच धरायची. पद्मपाणीला नेहमीचा फुटाचा दर, १८ हजार.

हे म्हणजे घरच्या घरी बोली लावल्यासारखं झालं, असं कुणी म्हणेल. झालंच आहे. जो दाखवतोय तोच विकत घेऊन किंमत उभी करतोय. मोठ्या बाजारात गॅलऱ्या, संग्राहक, खाजगी संग्रहालयं हे रोज करतात, वर त्याला प्रतिष्ठाही असते. मला यात चालण्यासारखं वाटलं ते एवढ्यासाठी की पैसे खरोखर चित्रकाराच्या खात्यात गेले आणि ते सगळ्यांना दिसेल असे गेले. गंमत म्हणजे जर्मनीच्या विमा कंपनीचा पहिला प्रश्न होता: जगप्रसिद्ध चित्र इतकं स्वस्त आणि गोणपाट इतकं महाग कसं?

सीएसआरमध्ये बसतं का

नाही. कंपनीच्या सीएंनी हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीने सामाजिक कामांवर करायच्या खर्चात, टाकू म्हणून सुचवलं होतं. निव्वळ नफा ५ कोटींवर गेल्यामुळे कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो, आणि कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला-संस्कृती आहे हेही खरं. पण नियमांत भारताबाहेरचा खर्च धरत नाहीत आणि ज्यातून कंपनीच्या मालाची जाहिरात होते ते प्रायोजकत्वही धरत नाहीत. ग्राहकाच्या दालनात आपल्या नावासह चित्र लावणं ही जाहिरातच आहे. हा खर्च विपणनात टाकला, विषय संपला. उलट कायदा सांगतो की कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्या. कला महाविद्यालयातल्या पोरांना कागद, रंग, छपाईचं यंत्र देणं याला नियमात जास्त जागा आहे. साहेबांनी मान डोलावली, पुढे मात्र अजून काही झालेलं नाही.

पाटीवर कुणाचं नाव

चित्रं एटीए कार्नेटवर गेली. प्रदर्शनापुरता माल नेऊन परत आणण्याचा हा परवाना आपल्याकडे फिक्की ही उद्योग-व्यापाराची संघटना देते, मुदत एक वर्ष, आणि त्यासाठी बँक हमी लागते. क्रेटचं लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेलं, शिक्का मारलेलं, हे वाळूजच्या पॅकिंगवाल्याला सांगावं लागलं नाही, त्याचं ते रोजचं काम आहे. वापरलेला बारदाना म्हटल्यावर फॉरवर्डरने धान्याच्या अवशेषांबद्दल विचारलं. धुतलेलं, सरस लावलेलं कापड आहे असं लेखी दिल्यावर तो निवांत झाला.

त्यानंतर तिकडून चित्राखालच्या पाटीचा मसुदा आला. वर कंपनीचं नाव आणि लोगो, खाली ‘भारत’, त्याखाली टाकाऊ पॅकिंगचा पुनर्वापर करून केलेली कलाकृती असं काहीतरी. चित्रकाराचं नाव नव्हतं. बहुधा त्यांच्या शाश्वततेच्या विभागाने लिहिलं असावं आणि मनापासूनच लिहिलं असावं. बारदाना बघून त्यांना कचरा कमी केल्याचं कौतुक वाटलं.

इकडे बारदाना म्हटलं की काय आठवतं? २०१६-१७ चा तुरीचा हंगाम. पाऊस चांगला, पीक उदंड, बाजारात भाव हमीभावाच्या खाली. ५,०५० रुपये क्विंटलचा हमीभाव मिळावा म्हणून शेतकरी खरेदी केंद्रांवर गेले आणि केंद्रं थांबली, कारण तूर भरायला बारदानाच नाही. ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, लोक पोत्यांवर झोपले. चित्रकाराच्या घरची तूरही त्यात होती. त्याच्या चित्रांत ज्या रांगा आहेत त्या तिथल्या.

नातीने मेल लिहिला. पाटीवर पहिलं नाव चित्रकाराचं, मग चित्राचं नाव, साल, माध्यम. कंपनीचं नाव शेवटी, चित्र कुणाकडून आलं एवढंच सांगणारं. आणि तुरीच्या खरेदीबद्दल दोन वाक्यं. साहेबांना दुसरी गोष्ट नको होती. “सरकारवर टीका केल्यासारखं होतं. उद्या कुणी विचारलं तर?” त्यावर बरीच खडाजंगी झाली. शेवटी खरेदी केंद्र, बारदान्याचा तुटवडा आणि साल, एवढं राहिलं, विशेषणं गेली. मला वाटतं ते चित्रासाठीही बरंच झालं.

पाटीइतकाच महत्त्वाचा होता कॅलेंडरचा मुद्दा. खरेदीदाराला चित्रं पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर छापायची होती. आपल्या १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात एक खाच आहे, ती चित्रकारांना सहसा ठाऊक नसते. पैसे देऊन कुणी चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर हक्काचा पहिला मालक चित्र काढून घेणारा ठरतो. तयार चित्र विकत घेतलं तर मात्र भिंतीवरचं चित्र तुमचं, छापण्याचा हक्क चित्रकाराचाच. बारदाने आधीच काढलेले होते, ते साहेबांनी सांगून काढून घेतलेले नव्हते. पद्मपाणी मात्र सांगून काढलेला. म्हणून एका पानाचा करार केला: सहाही चित्रांचे छपाईचे हक्क चित्रकाराकडे, कॅलेंडरसाठी वेगळं मानधन, नाव प्रत्येक पानावर. मानधन मिळालं. कॅलेंडरवर सहापैकी कोणतं चित्र आलं असेल? पद्मपाणी.

मोठ्यांचं उदाहरण

मधल्या काळात साहेबांनी मला विचारलं होतं की मोठ्या कंपन्या हे सगळं कशासाठी करतात. मी त्यांना इथल्याच शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीचं उदाहरण दिलं. २००१ पासून तिथे स्कोडाच्या गाड्या तयार होतात. २०१० मध्ये याच कंपनीच्या नावाने भारतीय समकालीन कलेसाठी १० लाखांचा पुरस्कार सुरू झाला. मिठू सेन, नवीन थॉमस आणि एल. एन. तल्लूर हे त्याचे मानकरी. स्वित्झर्लंडची प्रो हेल्वेशिया ही संस्थाही सोबत होती. चेक नाव, स्विस पाठबळ, भारतीय कलावंत. तीन फेऱ्या झाल्या आणि पुरस्कार थांबला. निवड उत्तम होती, तल्लूर यांचं काम आज जगभर दिसतं. पण शेंद्र्यात नोकरी करणाऱ्या माझ्या ओळखीच्या एकाही माणसाच्या तोंडून मी त्या पुरस्काराचं नाव ऐकलेलं नाही. खाजगी राजदूताची मुदत खाजगीच असते, आणि तो कुठल्या शहराकडे तोंड करून उभा राहील हेही त्याचं तोच ठरवतो.

दुसरं उदाहरण व्हेनिसचं. २०११ नंतर तिथल्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक कलाप्रदर्शनात, भारताचं अधिकृत दालन एकदम २०१९ मध्ये दिसलं, गांधीजींच्या १५० व्या जयंतीच्या निमित्ताने. ते सांस्कृतिक मंत्रालय, सीआयआय ही उद्योजकांची संघटना आणि किरण नाडर कला संग्रहालय यांनी मिळून उभं केलं. “सीआयआय?” साहेब म्हणाले. “मी मेंबर आहे की त्याचा. आम्हाला तर फक्त वीजदराच्या बैठकांची बोलावणी येतात.”

विक्री

उद्घाटनाला आलेल्या एका पाहुणीला उरलेल्या तीन बारदान्यांपैकी दोन हवे होते, तिथल्या तिथे, कार्ड काढून. कार्नेटवर गेलेला माल असा विकता येत नाही. तो परत यायलाच हवा. तिकडेच ठेवायचा तर तिकडचा कर भरून कागद नियमित करून घ्यावे लागतात, नाहीतर दावा फिक्कीमार्फत आपल्यावर येतो. खरेदीदाराच्या माणसाने सुचवलं की वाळूजच्या कंपनीच्या पुढच्या बिलात ही रक्कम मिळवून टाका. सोपं होतं आणि अगदी चुकीचं. चित्र बुशच्या बिलात गेलं असतं आणि चित्रकाराचा धागा तिथेच तुटला असता.

आम्ही पाहुणीला थांबायला सांगितलं. ती थांबली. प्रदर्शन संपून सहाही चित्रं परत आली, कार्नेट बंद झालं. दरम्यान चित्रकाराने स्वतःच्या नावाने आयात-निर्यात कोड काढला, ५०० रुपये फी, घरबसल्या ऑनलाइन. निर्यातीसाठी लागते म्हणून जीएसटी नोंदणी केली, कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, म्हणजे एलयूटी, दिलं. “चित्रं काढू का रिटर्न भरू?” म्हणून माझ्यावर वैतागला, ते रास्तच होतं. पण दोन बारदाने पुन्हा गेले तेव्हा इन्व्हॉइसवर निर्यातदार म्हणून त्याचं नाव होतं आणि नगाची किंमत कार्नेटवर लिहिलेलीच, ६० हजार. पाहुणीने घासाघीस केली नाही. तिच्याकडे आधीच्या कागदाची प्रत होती.

स्वामित्व हक्क कायद्याच्या ५३ अ कलमात आणखी एक तरतूद आहे. चित्र पुढे दहा हजारांहून अधिक किमतीला विकलं गेलं तर चित्रकाराला पुनर्विक्रीत वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. कंपनीच्या दोन बारदान्यांच्या बिलावर मी तेवढी एक ओळ घालून घेतली. साहेबांनी सही करताना विचारलं, “हे आम्ही कधी विकणार आहोत का?” नातीने सही करून घेतली.

सध्या

खरेदीदाराचा नवा मेल आलाय. प्रदर्शन दरवर्षी करायचं ठरलंय. यावेळी पद्मपाणी नको, दुष्काळाची चित्रं हवीत, मोठ्या मापाची. म्हणजे पसंती बदलली, ऑर्डर मात्र पुन्हा आलीच.

चित्रकाराने बारदाना सोडलाय. कंपनीत चित्रं लावायला आला तेव्हा त्याची नजर रिजेक्शनच्या, म्हणजे नापास मालाच्या, कोपऱ्याकडे गेली होती. सध्या तो तिथून आणलेल्या खराब बुशवर आणि त्यांना बांधलेल्या लाल टॅगवर काम करतोय. टॅगवर पार्ट नंबर, दोषाचा प्रकार, पाळी आणि ऑपरेटरची सही असते. त्यातले सहा-सात टॅग त्याने कोरड्या नळाखाली रांगेत टांगलेत. नातीला ते फार आवडलंय आणि तेच पाठवायचं असं ती म्हणते.

साहेब नाही म्हणतात. बारदान्याची रांग परदेशी गेली ती चालली, पण आपल्याच कारखान्याचा लाल टॅग ग्राहकाच्या दालनात? मी ग्राहकासोबतचा गोपनीयतेचा करार वाचून दिलाय. पार्ट नंबर झाकला तर त्याची आडकाठी नाही. ऑपरेटरांच्या सह्या दाखवायच्या तर त्यांची परवानगी घ्यावी लागेल, आणि दोघांनी ती दिलीही आहे. साहेबांनी अजून मेलला उत्तर दिलेलं नाही. कार्नेटचा नवा अर्ज भरून ठेवलाय, वर्णनाचा रकाना तेवढा मोकळा आहे.